घरापासून दूर तैनात असलेल्या सैनिकांची मुले आणि स्थानिक युवा उपक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे प्रामुख्याने युवक मंडळे, शाळा व्यवस्थापन समित्या, सार्वजनिक ग्रंथालये, माजी सैनिकांच्या संघटना आणि सैनिकांची कुटुंबे यांच्यासाठी आहेत. शासकीय योजनांची माहिती आवश्यक तेथेच दिली आहे, कारण येथील मुख्य विषय मुलांचा रोजचा दिवस हा आहे.

हे उपक्रम नेमक्या कोणत्या मुलांसाठी असतात?

ज्यांचे वडील किंवा आई भूदल, नौदल, हवाई दल अथवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत सेवेत आहेत आणि नेमणुकीच्या ठिकाणी कुटुंब नेण्याची सोय नसल्यामुळे जी मुले गावी किंवा शहरात मागे राहिली आहेत, त्यांच्यासाठी हे उपक्रम असतात. महाराष्ट्रात सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात अशी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला लोक ‘मिलिटरी’ हा शब्द जोडूनच बोलतात आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तेथील 46 जणांची आठवण तेथे आजही जपली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात तर सैनिक टाकळी असे गावाचेच नाव आहे.

अशा गावांत वडील घरी नसणे ही मुलाला वेगळी गोष्ट वाटत नाही, कारण शेजारच्या घरातही तेच चित्र असते. खरी अडचण अनेकदा तालुक्याच्या किंवा शहराच्या ठिकाणी होते, जेथे मुलांच्या शिक्षणासाठी आई भाड्याच्या खोलीत राहते आणि संपूर्ण वर्गात सैनिकाचे मूल एकच असते. शिक्षकांना त्याची कल्पना नसते, शेजाऱ्यांना असली तरी तिचा अर्थ ठाऊक नसतो.

आणखी एक गोष्ट येथेच स्पष्ट केलेली बरी. केंद्रीय राखीव पोलीस दल किंवा सीमा सुरक्षा दलातील जवान गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे त्यांना लागू होणाऱ्या सवलती आणि कल्याण योजना लष्करापेक्षा वेगळ्या असतात. गावातील उपक्रमाने मात्र हा भेद पाळण्याचे काहीच कारण नाही. छत्तीसगडच्या जंगलात असलेल्या जवानाच्या मुलीची रात्र कुपवाड्यात असलेल्या जवानाच्या मुलीच्या रात्रीपेक्षा निराळी नसते.

सैनिकांना कुटुंबासाठी क्वार्टर मिळतात, मग मुले मागे का राहतात?

सैनिकी बोलीत नेमणुकीचे दोन ढोबळ प्रकार आहेत, ‘पीस’ आणि ‘फील्ड’. पीस म्हणजे छावणीचे शहर, जेथे शाळा, दवाखाना आणि पाळी आल्यावर फॅमिली क्वार्टर मिळते. फील्ड म्हणजे सीमेवरचा, उंचावरचा किंवा दहशतवादविरोधी कारवाईचा भाग, जेथे कुटुंब नेता येत नाही. पायदळाची पलटण साधारणपणे दोन-तीन वर्षे फील्डमध्ये काढते आणि मग पीसमध्ये येते, असे चक्र चालू राहते. नौदलातील कर्मचाऱ्याचे कुटुंब मुंबईत असले तरी तो स्वतः जहाजावर असतो, आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेला जवान दुसऱ्याच खंडात असतो.

फील्डमध्ये असलेल्यांच्या कुटुंबांसाठी काही छावण्यांत स्वतंत्र निवासाची सोय आहे, परंतु ती मर्यादित आहे. शिवाय पीसमध्ये क्वार्टर मिळाले तरी अनेक जण कुटुंब नेत नाहीत, कारण घरी म्हातारे आईवडील असतात, शेती असते आणि मुलगा दहावीला असतो. त्यामुळे अनेक मुलांनी बापाला सलग पाहिले ते फक्त सुट्टीत, असे घडते.

शासनाच्या अनेक योजना असताना गावाने वेगळे काही करण्याची गरज काय?

योजना आहेत आणि त्या उपयोगी आहेत. सेवेतील सैनिकाला पहिल्या दोन अपत्यांसाठी बाल शिक्षण भत्ता मिळतो. जानेवारी 2024 पासूनच्या सुधारित दराने तो प्रत्येक मुलामागे दरमहा सुमारे 2,800 रुपये होतो आणि मूल वसतिगृहात असेल तर त्याऐवजी मिळणारे अनुदान 8,400 रुपयांच्या थोडे वर जाते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आजी-माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी वसतिगृहे चालवतात. लष्कराच्या पुणे, खडकी, देवळाली, कामठी, मुंबई अशा ठिकाणी आर्मी पब्लिक स्कूल आहेत आणि 1966 पासून काम करणारी आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन छावण्यांतील कुटुंबांसाठी बरेच काही करते.

परंतु या यादीकडे नीट पाहिले तर तिच्यातली फट दिसते. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेसारख्या मोठ्या योजना माजी सैनिक आणि वीरपत्नी यांच्या मुलांसाठी आहेत. छावणीतील सोयी छावणीत राहणाऱ्यांसाठी आहेत. ज्याचा बाप जिवंत आहे, सेवेत आहे आणि फील्डमध्ये आहे, असे खटाव किंवा चंदगड तालुक्यातील मूल या दोहोंच्या मधे राहते. त्याच्या बापाच्या खात्यावर भत्ता जमा होतो, पण पालकसभेला कोण येणार आणि पोहायला कोण शिकवणार, हे प्रश्न भत्त्याने सुटत नाहीत. आमच्या मते आपल्या समाजाची सैनिकांबद्दलची आस्था निवृत्तीनंतर आणि हौतात्म्यानंतर जागी होते. सेवेच्या मधल्या पंधरा-वीस वर्षांत, म्हणजे नेमक्या मुलांच्या बालपणात, ती बहुतांशी गृहीत धरलेली असते. स्थानिक युवा उपक्रमाची जागा तेथे आहे.

पालक दूर असण्याचा मुलांवर नेमका काय परिणाम होतो?

तो वयानुसार बदलतो आणि सर्वांवर सारखा होत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला काळाचा अंदाज नसतो, त्यामुळे वडील सुट्टी संपवून निघाले की अंथरूण ओले करणे, आईला क्षणभरही न सोडणे, झोपेत दचकणे असे प्रकार काही आठवडे दिसू शकतात. प्राथमिक शाळेतील मूल प्रश्न विचारते आणि उत्तर मिळाले नाही तर स्वतःच कल्पना करते; त्याची कल्पना बहुधा वस्तुस्थितीपेक्षा भयंकर असते. पोटात दुखणे, डोके दुखणे अशा तक्रारींमागे कधी कधी हेच असते.

अकरा-बारा वर्षांनंतरचे चित्र सर्वांत फसवे असते. मोठा मुलगा बँकेत जातो, गॅस सिलिंडर आणतो, आजोबांना दवाखान्यात नेतो आणि सगळे त्याचे कौतुक करतात. मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळते आणि आईच्या मनातले सगळे ऐकून घेते. ‘घरचा कर्ता’ झालेल्या अशा मुलांचा अभ्यास मागे पडला, मैदानावर जाणे बंद झाले किंवा ती अबोल झाली तरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ती त्रास देत नाहीत. त्रास देणारे मूल निदान दिसते तरी.

अमेरिकेतील सैनिकी कुटुंबांच्या अभ्यासांतून दोन गोष्टी पुढे आल्या आहेत. पालक एकूण जितके जास्त महिने दूर राहतात तितक्या मुलांच्या अडचणी वाढतात, आणि घरी राहिलेल्या पालकाची मनःस्थिती बरी असेल तर मुले बरीचशी सावरतात. दुसऱ्या गोष्टीचा अर्थ असा की मुलासाठी काही करावयाचे असेल तर त्याच्या आईचा भार हलका करणे हाही त्याच उपक्रमाचा भाग ठरतो.

म्हणजे या सर्व मुलांना समुपदेशनाची गरज असते का?

नाही. बहुतेक मुलांना नियमित दिनक्रम, खेळ, मित्र आणि घराबाहेरचे एक भरवशाचे मोठे माणूस एवढे पुरते. झोप, भूक किंवा शाळा यांत दीर्घकाळ बिघाड राहिला, अथवा मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोलू लागले, तर मात्र विलंब न करता तज्ज्ञांकडे जावे. टेली-मानस ही शासकीय मानसिक आरोग्य सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. सैन्यदले आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा विशेष कक्ष 1 डिसेंबर 2023 रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करण्यात आला. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन सर्वांना ठाऊक असतेच.

उपक्रम कोणी आणि कसा सुरू करावा?

नव्या संस्थेची नोंदणी, लेटरहेड आणि उद्घाटन यांनी सुरुवात करू नये. गावात युवक मंडळ, तालीम, ग्रंथालय किंवा शाळा व्यवस्थापन समिती यांपैकी काहीतरी असतेच. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे फील्डमध्ये असलेल्या जवानाच्या पत्नीला समितीत घेणे हे सर्वांत सोपे आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित पाऊल आहे.

पहिले काम म्हणजे गावातील अशी मुले कोणती, हे घरोघरी जाऊन विचारून लिहून काढणे. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना हे आधीच माहीत असते. दुसरे काम म्हणजे प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारणे की, साहेब किंवा भाऊ सुट्टीवरून परत गेल्यावर घरात नेमके काय अडते? उत्तरे अगदी साधी येतात. कोणाला संध्याकाळी मुलांना क्लासहून आणायला माणूस नसतो, कोणाला गणिताची अडचण असते, कोणाच्या मुलाला सायकल शिकायची असते आणि आजोबांच्याने धावणे होत नाही. उपक्रमाचे वेळापत्रक या उत्तरांवरून ठरावे. बाहेरून आणलेला व्यक्तिमत्त्व विकासाचा तयार कार्यक्रम मुलांना लवकर कंटाळवाणा होतो.

गावातील माजी सैनिक हे यातील मोठे बळ आहे, कारण फील्ड म्हणजे काय हे मुलांना ते खोटे न बोलता आणि न घाबरवता सांगू शकतात. फक्त सगळ्या मुलांना पहाटे पाच वाजता मैदानावर उभे करून भरतीची तयारी सुरू करण्याचा त्यांचा उत्साह थोडा आवरावा लागतो.

या मुलांचा स्वतंत्र गट करावा की सर्व मुलांत मिसळून घ्यावे?

दोन्ही, पण प्रमाण सांभाळून. खेळ, वाचन, अभ्यासिका यांसाठी स्वतंत्र गट मुळीच नको, कारण त्याने मुलावर शिक्का बसतो. महिना-दोन महिन्यांतून एकदा मात्र फक्त या मुलांनी एकत्र बसावे, कारण ‘फोन लागत नाही तेव्हा तू काय करतोस’ हा प्रश्न एका सैनिकाच्या मुलाने दुसऱ्याला विचारला तरच त्याला खरे उत्तर मिळते. या बैठकीत मोठ्यांनी भाषण करू नये आणि शक्य असल्यास नववी-दहावीतील सैनिकांच्या मुलांकडेच तिची सूत्रे द्यावीत.

कोणत्या प्रकारचे काम प्रत्यक्षात टिकते?

जे आठवड्याच्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आणि त्याच माणसाच्या हातून होते, ते टिकते. संध्याकाळची दोन तासांची अभ्यासिका आणि रविवारचा व्हॉलीबॉल किंवा कबड्डी हा बहुतेक ठिकाणी पाया ठरू शकतो.

त्याच्या जोडीला पत्रलेखन आवर्जून ठेवावे. व्हिडिओ कॉलच्या काळात पत्र कशाला, असे विचारले जाते. परंतु अनेक ठाण्यांवर नेटवर्क नसते किंवा फोन वापरण्यावर बंधने असतात, आणि कॉलवर मूल ‘बरंय’ यापलीकडे बोलत नाही. पत्रात ते चित्र काढते, बैलाने काय केले ते लिहिते आणि मागच्या वेळचे भांडणही मिटवते. सैनिकाच्या पत्त्यावर गावाचे नाव नसते. क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि पुढे ‘द्वारा 56 एपीओ’ किंवा ‘द्वारा 99 एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, लष्कराचे टपाल कार्यालय) एवढेच लिहिलेले असते, आणि लष्कराची टपाल सेवा पत्र पलटणीपर्यंत पोहोचवते. हा पत्ता कसा काम करतो हे समजावून सांगण्यात एक तास सहज रंगतो, कारण बाबा कोठे आहेत हे न सांगताही पत्र त्यांच्यापर्यंत जाते याचे मुलांना मोठे नवल वाटते.

लहान मुलांसाठी वडिलांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण उपयोगी पडते. सुट्टीवर आलेल्या जवानाने ग्रंथालयात बसून आठ-दहा गोष्टी वाचून मोबाइलवर मुद्रित करून ठेवल्या, तर पुढचे वर्षभर झोपण्यापूर्वी त्या ऐकता येतात. याला खर्च शून्य आहे.

मोठ्या मुलांना नकाशा, हवामान आणि भूगोल यांतून वडिलांच्या जगाशी जोडता येते. लडाखमध्ये तापमान उणे असताना डिझेल का गोठते, विरळ हवेत माणूस का धापा टाकतो, सियाचीनवरच्या चौकीवर जवानांना एका वेळी साधारण तीनच महिने का ठेवतात, हे विज्ञानाच्या अंगाने शिकलेले मूल घाबरण्याऐवजी विचार करू लागते. येथे ठिकाणे सर्वसाधारण घ्यावीत. कोणाचे वडील नेमके कोठे आहेत हे फळ्यावर लिहू नये.

आईसाठीही काहीतरी असावेच. रेशनकार्डातील दुरुस्ती, सातबारावरची नोंद, बांधाचा वाद अशा कामांत एकट्या बाईला तहसील कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात. सेवेतील सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्या कुटुंबाचे असे प्रश्न ऐकून घेणे हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचेही काम आहे, आणि जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, ही माहिती बऱ्याच घरांना नसते. युवक मंडळाने अर्ज लिहून देऊन सोबत एक माणूस पाठवला तरी त्या घराची संध्याकाळ मोकळी होते, आणि ती संध्याकाळ मुलांच्या वाट्याला येते.

या मुलांचा 15 ऑगस्टला किंवा ध्वजदिनाला सत्कार करावा का?

सत्काराची सवय इतकी रुजलेली आहे की हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. 7 डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन 1949 पासून पाळला जातो आणि त्या दिवशी निधी जमा करणे, माजी सैनिकांना बोलावणे हे योग्यच आहे. परंतु आठ वर्षांच्या मुलाला व्यासपीठावर उभे करून ‘तुझे वडील देशासाठी प्राण द्यायला सज्ज आहेत’ असे ध्वनिक्षेपकावरून सांगणे म्हणजे ज्या विचाराने त्याला रात्री झोप लागत नाही, तोच विचार टाळ्यांच्या गजरात त्याच्या हाती देणे होय. वक्त्याचा हेतू चांगला असतो, पण मुलाच्या कानावर ‘प्राण’ हा शब्द पडतो.

याचा दुसरा तोटा हळूहळू दिसतो. ‘वीराचा मुलगा’ म्हणून ओळख झालेल्या मुलाला रडण्याची, नापास होण्याची किंवा ‘मला सैन्यात जायचे नाही’ असे म्हणण्याची मोकळीक उरत नाही. शाल-श्रीफळ द्यायचेच असेल तर आईला किंवा आजीला द्यावे. मुलाला संघात जागा द्यावी आणि बाकीच्यांइतकीच द्यावी.

सीमेवर तणाव असताना किंवा चकमकीची बातमी आल्यावर काय करावे?

14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवान मृत्युमुखी पडले, त्यांत बुलढाणा जिल्ह्यातील दोघे होते. मे 2025 मध्ये भारताने पाकिस्तानातील ठिकाणांवर हल्ले केल्यानंतरचे चार दिवसही अनेकांच्या स्मरणात असतील. अशा वेळी सैनिकांच्या घरांत दूरचित्रवाणी सतत चालू राहते, व्हॉट्सॲपवर खऱ्या-खोट्या चित्रफिती येतात आणि नेमके तेव्हाच फोन बंद असतो.

त्या दिवसांत अभ्यासिका आणि खेळ बंद ठेवू नयेत, उलट वेळ थोडा वाढवावा, कारण मूल जितका वेळ पडद्यापासून दूर राहील तितके बरे. मुलाने विचारल्यास खरे आणि थोडके सांगावे : ‘लढाई चालू आहे. बाबांचा फोन बंद आहे, कारण सध्या सगळ्यांचेच फोन बंद ठेवले आहेत. काही कळले की आई तुला सांगेल.’ ‘बाबांना काही होणार नाही’ असे वचन कोणीही देऊ नये, कारण ते पाळणे कोणाच्या हाती नाही आणि मोठ्या मुलांना हे कळते. गावातील कोणीही ऐकीव बातमी घेऊन त्या घरी जाऊ नये, हा नियम मंडळाने आधीच ठरवून ठेवावा. शोकवार्ता कळवण्याची सैन्याची स्वतःची पद्धत आहे, आणि ती पूर्ण होण्यापूर्वी वार्ताहर किंवा शेजारी दारात पोहोचणे हे क्रौर्य ठरते.

वडील सुट्टीवर येतात तेव्हा तरी सर्व सुरळीत असते ना?

बाहेरून तसे दिसते. जवानाला वर्षाला साधारण साठ दिवसांची वार्षिक सुट्टी आणि त्याशिवाय किरकोळ रजा मिळते. ती पेरणी, गावची जत्रा, गणपती आणि नात्यातली लग्ने यांत वाटली जाते. पहिले चार दिवस मूल वडिलांच्या मागे मागे फिरते किंवा उलट त्यांच्याजवळच जात नाही. लहान मूल परक्या माणसाला पाहून रडावे तसे रडते आणि बापाला ते लागते. पुढे घरातले नियम बदलू लागतात. वर्षभर आईच्या संमतीने जे चालले, ते वडिलांना शिस्तीत बसत नाही. किशोरवयीन मुलगा, ज्याने वर्षभर घर सांभाळले, त्याला अचानक पुन्हा लहान व्हावे लागते, आणि ‘तुम्ही येथे नसता, तुम्हाला काय माहीत’ हे वाक्य कधीतरी तोंडातून निघते.

यांत असाधारण काही नाही, एवढे दोन्ही बाजूंना कळले तरी पुष्कळ होते. उपक्रमाने सुट्टीच्या काळात मुलावर हजेरीची सक्ती करू नये, मात्र वडिलांना अभ्यासिकेत किंवा मैदानावर बोलवावे. मुलाचे रोजचे जग त्यांना तेथे दिसते आणि बोलायला विषय मिळतो. सुट्टी संपल्यानंतरचा पहिला आठवडा मात्र कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा. उपक्रमाची खरी गरज त्या आठवड्यात असते, आणि नेमके त्याच वेळी मूल ‘आज नको’ म्हणून घरी थांबते.

आईच सैन्यात किंवा निमलष्करी दलात असेल तर?

ही संख्या वाढत आहे. लष्करी पोलीस दलात भरती झालेल्या महिला जवानांची पहिली तुकडी 2021 मध्ये प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली, आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिला बटालियन तर त्याआधीपासून आहेत. अशा मुलाला ‘वडील दूर असले तर अभिमान आणि आई दूर असली तर कुचंबणा’ असा दुहेरी न्याय सहन करावा लागतो. शाळेत ‘आईने डबा नाही दिला का’ असे सहज विचारले जाते. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी अर्जांत व सूचनांत ‘पालक’ हा शब्द वापरावा, आणि घरी सांभाळणारे वडील किंवा आजी यांना मातांच्या मेळाव्यातून वगळू नये.

बदलीमुळे वर्षाच्या मध्येच शाळा बदलावी लागली तर?

शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 5 नुसार प्राथमिक शिक्षण (पहिली ते आठवी) पूर्ण होईपर्यंत मुलाला दुसऱ्या शासकीय किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. आधीच्या शाळेने दाखला तत्काळ द्यावयाचा असतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कागदांपेक्षा भाषेचा प्रश्न अधिक चिवट असतो. जोधपूर किंवा बरेलीच्या केंद्रीय विद्यालयातून आलेले मूल घरी मराठी बोलते, पण मराठी वाचण्यात दोन-तीन वर्षे मागे असते आणि परिसर अभ्यासातील किल्ले, नद्या, संत त्याला अपरिचित असतात. त्याच्याच वयाच्या एका मुलाला पहिल्या महिन्यासाठी त्याचा सोबती नेमावे, आणि वाचनासाठी मात्र खालच्या इयत्तेचे पुस्तक सर्वांसमोर हाती देऊ नये.

सैनिक स्कूलला पाठवणे हा यावरचा उपाय आहे का?

काही मुलांसाठी आहे. देशातील पहिले सैनिक स्कूल 23 जून 1961 रोजी सातारा येथे सुरू झाले आणि महाराष्ट्रातील दुसरे 2019 पासून चंद्रपूरला आहे. सहावी आणि नववीसाठी अखिल भारतीय प्रवेश परीक्षा होते, मुलींनाही प्रवेश मिळतो आणि आजी-माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी राखीव जागा असतात. परंतु ज्या मुलाला आधीच वडिलांचा सहवास कमी मिळाला आहे, त्याला दहाव्या वर्षी आईपासूनही दूर पाठवायचे का, याचा निर्णय त्या मुलाकडे पाहून घ्यावा. प्रवेश परीक्षेची तयारी हा युवा उपक्रमाचा मुख्य हेतू होऊ देऊ नये, अन्यथा परीक्षा न देणारी मुले आपोआप बाहेर फेकली जातात.

परदेशात असे उपक्रम आहेत का?

अमेरिकेतील उदाहरण आपल्याला जवळचे आहे. तेथेही छावणीतील मुलांसाठी सोयी होत्या, पण इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत नॅशनल गार्ड व राखीव दलांतील लोक मोठ्या संख्येने पाठवले गेले, ज्यांची कुटुंबे छावणीपासून शेकडो मैल दूर खेड्यांत आणि लहान गावांत राहत होती. त्यांच्यासाठी 2005 मध्ये ‘ऑपरेशन मिलिटरी किड्स’ सुरू झाले. त्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे : नवे जाळे उभारण्याऐवजी ग्रामीण भागात आधीपासून असलेल्या फोर-एच या कृषी विस्तार सेवेशी जोडलेल्या युवक मंडळांना सैन्याने हाताशी धरले. शिबिरे होती, दूर असलेल्या पालकाला संदेश पाठवण्यासाठी फिरती संगणक-साधने होती, आणि सैनिकांची मुले स्वतः शिक्षकांसमोर आपले अनुभव मांडत. पुढे त्याचा निधी थांबला, फोर-एचचे काम मात्र तेथे आजही चालते. एप्रिल महिना सैनिकी मुलांचा म्हणून पाळण्याची प्रथा तेथे 1986 पासून आहे.

तेथून शिबिरांची भव्यता आणण्याची गरज नाही. छावणीपासून दूरच्या कुटुंबांपर्यंत गावातल्याच मंडळाने पोहोचावे, एवढे घेतले तरी पुरे.

सुरक्षिततेची कोणती काळजी घ्यावी?

दोन प्रकारची. पहिली मुलांची. वडील घरी नाहीत हे ज्या मुलांबद्दल सर्वांना ठाऊक आहे, त्यांच्याशी सलगी वाढवू पाहणारा माणूस उपक्रमाच्या नावाखाली सहज जवळ येऊ शकतो. म्हणून कोणत्याही कार्यकर्त्याने एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसू नये, नव्या कार्यकर्त्याची चौकशी करावी, मुलींच्या गटासोबत महिला कार्यकर्ती असावीच, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, हे प्रत्येकाला आधीच सांगावे. ‘गावातलाच आहे, आपला आहे’ हा निकष येथे चालत नाही.

दुसरी काळजी माहितीची. युनिटचे नाव, ठिकाण, सुट्टीच्या तारखा, गणवेशातील छायाचित्रे आणि मुलांची नावे एकत्र करून समाजमाध्यमांवर टाकू नयेत. लष्कराने जुलै 2020 मध्ये आपल्या लोकांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 ॲप काढून टाकण्यास सांगितले होते. जवानाने स्वतः जपलेली माहिती मंडळाच्या व्हॉट्सॲप गटाने उघड करणे बरे नव्हे.

खर्च किती येतो आणि तो कोठून आणावा?

फारसा येत नाही. चेंडू, जाळी, काही पुस्तके, टपालाची पाकिटे आणि अभ्यासिकेचे वीजबिल एवढेच. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते, तेव्हा ग्रामसभेत लेखी मागणी करता येते. देणगीदाराचे नाव मुलांच्या टी-शर्टवर छापण्याची अट असेल तर ती देणगी नाकारावी.

एखाद्या मुलाचे वडील हुतात्मा झाले तर उपक्रमाने काय करावे?

पहिले पंधरा दिवस गावात मंत्री, अधिकारी, वाहिन्या आणि पाहुणे यांची रीघ लागते. त्या काळात मुलांना कॅमेऱ्यापासून दूर ठेवणे आणि त्यांच्या जेवणखाणाकडे पाहणे एवढेच करावे. अधिकृत मदत, निवृत्तिवेतन आणि शिष्यवृत्ती यांची व्यवस्था युनिट आणि सैनिक कल्याण कार्यालय करते. मंडळाचे काम तीन महिन्यांनी सुरू होते, जेव्हा कोणी येईनासे होते. मूल पूर्वीच्याच वारी, पूर्वीच्याच मैदानावर, पूर्वीच्याच नावाने बोलावले गेले पाहिजे.

उपक्रम चालवणारा तरुणच भरती होऊन गेला तर?

सैनिकी गावांत हे हमखास घडते. सर्वांत उत्साही, सकाळी धावणारा आणि मुलांना आवडणारा तरुण एक दिवस अग्निवीर म्हणून निवडला जातो आणि अभ्यासिकेला कुलूप लागते. ज्या मुलांचे वडील आधीच दूर आहेत, त्यांना हा दुसरा विरह नको असतो. म्हणून सुरुवातीपासून प्रत्येक कामाला दोन माणसे असावीत, आणि त्यांतील एक तरी अशी असावी जी गाव सोडून जाण्याची शक्यता कमी आहे : गावात राहणारी शिक्षिका, ग्रंथपाल, निवृत्त सुभेदार किंवा बचत गटातील एखादी ताई. जाणाऱ्या तरुणाने मुलांना आधी सांगून निरोप घ्यावा, किल्ली कोणाकडे दिली ते सर्वांसमोर दाखवावे आणि आपला एपीओचा पत्ता फळ्यावर न लिहिता मुलांच्या वहीत लिहून द्यावा.